चार धनुष्यं, अडतीस बाण आणि सुनीताची आजी

हे लिहायला उशीर झालाय, २०२३ च्या ऑक्टोबरातली गोष्ट आहे, पण परवा कपाट आवरताना जुन्या वहीत एसटीची तिकिटं सापडली आणि त्यांच्या मागे पेनानं लिहिलेले स्कोर, म्हटलं आता लिहूनच टाकू नाहीतर राहूनच जाईल.

मी मेळघाटात, धारणी तालुक्यात एका आश्रमशाळेत गणित शिकवतो. खेळाचे सर बदलून गेले, नवे आलेच नाहीत, आणि हेडसरांनी धनुर्विद्येचं खातं माझ्या गळ्यात घातलं कारण म्हणे गणितात कोन असतात. मला धनुष्य ओढता येत नाही आजही. पण पोरांना येतं, आणि तीन पोरांची नावं बुलढाण्याच्या शालेय स्पर्धेत लागली, सुनीता, रोशन आणि लहानगा अजय, तिघंही इंडियन राउंडवाले म्हणजे साधं बांबूचं धनुष्य, त्याला साइट म्हणजे नेम धरायची खूण नाही, हलू नये म्हणून स्टॅबिलायझर नाही, काहीच नाही, डोळा आणि हात. आणि त्याच आठवड्यात चीनमधे हांगझोऊला एशियन गेम्सची आर्चरी चालू. २०२२ चे गेम्स, कोरोनामुळे २०२३ ला होऊन राहिले होते. त्यामुळे हा आमचा प्रवास अर्धा एसटीतला आणि अर्धा मोबाइलमधला आहे.

१ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सातची एसटी. पोरगी सोबत आहे तर कोणी बाई पाहिजे, मॅडमला सुट्टी मिळेना, तर सुनीताची आजी म्हणाली मी येतो, शेगाव लागते ना वाटेत. म्हणजे म्हातारीला स्पर्धेशी घेणंदेणं नाही, तिला गजानन महाराजांचं दर्शन पाहिजे होतं. ठीक आहे बाप्पा. त्याच वर्षीच्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं होतं, ते आजीला पक्कं माहीत, कंडक्टरनं विचारायच्या आधीच "हाफ दे" म्हणून मोकळी.

बाण आम्ही नळाच्या पीव्हीसी पाइपात भरतो, दोन्ही बाजूंनी बूच, वर पोस्टाच्या पार्सलसारखी सुतळी. धनुष्यं जुन्या साडीत गुंडाळलेली. कंडक्टरला वाटलं ड्रिपचे पाइप आहेत, लगेजचे पैसे मागत होता, मग कळल्यावर त्यानंच ते आपल्या सीटमागे नीट उभे करून ठेवले.

खरी गंमत जंगलातल्या नाक्यावर झाली. व्याघ्र प्रकल्पाच्या मधून रस्ता जाते आपला, आणि नाक्यावरचा गार्ड बसमधे सहज डोकावला तर त्याला साडीतून बाहेर आलेलं धनुष्याचं टोक दिसलं. आता वाघाच्या जंगलातून धनुष्यबाण घेऊन चाललेला माणूस म्हटल्यावर तो तरी काय करणार. "गुरुजी, उतरा." उतरलो. पत्र दाखवलं, शाळेचा शिक्का दाखवला, पोरांची ओळखपत्रं दाखवली. त्याचं समाधान होईना. बाणाचं टोक बोटानं चाचपून पाह्यलं त्यानं, म्हणे हे तं लागते. म्हटलं भाऊ लागायलाच पाहिजे ना. शेवटी त्यानं रजिस्टर काढलं आणि एकेक बाण मोजून लिहून घेतलं, धनुष्य ४, बाण ३८. खाली माझी सही. "येताना इथूनच येसान ना? तवा पुन्हा मोजतो." अख्खी बस खिडकीतून तमाशा पाहून राहिली होती. कोणीतरी मागून ओरडलं, एकलव्याचा अंगठा पण मोजून घ्या!

परतवाड्याला माझ्या मोठ्या साळीकडे मुक्काम. पितृपक्ष चालू होता, त्यांच्याकडे त्याच दिवशी पान होतं त्यामुळे आम्हा पाच जणांना आयतेच वडे, कढी, अंबाडीची भाजी मिळाली. पोरांनी किती वडे खाल्ले ते मी मोजलं नाही, मोजायचं काम सकाळी झालं होतं. टीव्हीवर संध्याकाळी आपल्या बीडच्या अविनाश साबळेचं स्टीपलचेसमधलं सोनं दाखवत होते. आर्चरीचा फक्त रँकिंग राउंड, म्हणजे क्रम ठरवायची फेरी होती त्या दिवशी, ती कोण दाखवते.

२ ऑक्टोबर

परतवाडा, अंजनगाव, अकोट, शेगाव. लिहिण्यासारखं काही नाही, गाड्या बदलल्या आणि घाम गाळला. दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळं पडलेलं, पिकून नाही, त्या वर्षी पिवळ्या मोझॅकनं वाट लावली होती. शेजारी बसलेला शेतकरी म्हणे सोंगणीची मजुरी निघाली तरी गंगेत घोडं न्हालं. त्याला पाइपात काय आहे ते सांगितलं तर म्हणे बरं आहे, बाणाला रोग येत नाही.

शेगावला दर्शन, महाप्रसाद, भक्तनिवासात खोली. आजी रांगेत तीन तास उभी होती आणि एकदा पण बसली नाही. रात्री पोरांना कचोरी खाऊ घातली. अजय म्हणे सर ही आपल्या शाळेच्या कचोरीपेक्षा लहान आहे. आपल्या शाळेत कचोरी कधी मिळते रे? म्हणे, मिळाली असती तर मोठी असती.

३ ऑक्टोबर

शेगावहून खामगाव, खामगावहून बुलढाणा. मधे बोथ्याचा घाट लागते, ज्ञानगंगा अभयारण्य. मी पोरांना मोठ्या उत्साहानं सांगितलं की टिपेश्वरच्या जंगलातून एक वाघ निघाला आणि तीन हजार किलोमीटरच्या वर चालून २०१९ साली इथं येऊन राहिला. रोशन म्हणे, सर त्याला एसटी नाही भेटली काय. मेळघाटच्या पोरांना वाघाचं कौतुक सांगू नये.

बसमधे फोन चालू होता, हांगझोऊचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं, त्यामुळे तिकडचे सामने आपल्याकडे सकाळी आणि दुपारी येतात. त्या दिवशी कंपाउंडच्या, म्हणजे यंत्रासारख्या धनुष्याच्या, वैयक्तिक सेमी फायनल. आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेनं कोरियाच्या खेळाडूला १५०-१४६ नं हरवलं. पंधरा बाण, पंधराही दहात. बर्लिनला ऑगस्टमधे वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलला पण त्यानं हेच केलं होतं, १५० पैकी १५०. मी पोरांना फळ्यावर सांगावं तसं सांगितलं, की पन्नास मीटरवर ऐंशी सेंटीमीटरचा कागद, त्यातला दहाचा गोल फक्त आठ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या चहाच्या बशीपेक्षा लहान, आणि एका बाणाला वीस सेकंद. दुसऱ्या सेमीत दिल्लीचा अभिषेक वर्मा जिंकला, म्हणजे फायनल आपल्याच दोघांत. पोरींमधे ज्योती सुरेखा आणि साताऱ्याची अदिती स्वामी यांचीच आपसात सेमी लागली, त्यात ज्योती. अदिती तेव्हा सतरा वर्षांची आणि वर्ल्ड चॅम्पियन, तिचे वडील पण गणिताचे मास्तर आहेत हे मी दोनदा सांगितलं. पोरांनी दोन्ही वेळेस ऐकल्यासारखं केलं.

आजीनं फोन हातात घेऊन ओजसचं धनुष्य जवळून पाह्यलं. "याले चाकं कायले लावले?"

आता हे चांगलं विचारलं तिनं. कंपाउंडच्या दोन टोकांना चाकं असतात, कॅम म्हणतात, ओढताना सुरुवातीला जोर लागते पण पूर्ण ओढलं की चाक फिरून बहुतेक वजन ते धनुष्यच धरते, हाताला थोडंच राहते, म्हणून तो माणूस शांतपणे नेम धरून उभा राहू शकतो. दोरीत एक बारीक भोक असते त्यातून पाहायचं, पुढं भिंग असते. आणि दोरी बोटानं नाही, हातातल्या छोट्या यंत्राच्या चापानं सोडायची. आपल्या पोरांचं उलटं आहे, बांबू जितका मागे ओढाल तितका जड होत जाते, शेवटच्या इंचाला सगळ्यात जड, आणि नेमका तेव्हाच नेम धरायचा.

आजी म्हणे, "मंग ह्यो काम कोन करते, मानूस का चाक?"

मी म्हटलं दोघं. तिला पटलं नाही. मला पण तिला आणखी समजावता आलं नाही, कारण तो सगळा सेट दोन-अडीच लाखाच्या खाली येत नाही हे मला माहीत होतं आणि तेच तोंडावर येत होतं.

संध्याकाळी मैदान पाहायला गेलो आणि तिथं आमची खरी अडचण कळली. बांबूच्या धनुष्याला साइट नसते ना, तर तीस मीटरला ठीक आहे पण पन्नास मीटरला बाण खाली येते, म्हणून नेम बोर्डाच्या वर कुठंतरी धरावा लागते. आमच्या शाळेत बोर्डाच्या मागे मोहाचं झाड आहे, त्याला एक दोन फाट्यांची फांदी आहे, सुनीता त्या फाट्यात नेम धरते आणि बाण येऊन मधल्या पिवळ्या गोलात बसते. दोन वर्षं ती तशीच शिकली. मी तिला शिकवलं नाही, तिनंच शोधलं. बुलढाण्याच्या मैदानावर बोर्डाच्या मागे मातीचा बांध आणि त्याच्या वर नुसतं आभाळ. एक झाड नाही, खांब नाही, काही नाही.

"सर, इथं मोह नाही," ती म्हणाली. एवढंच. रात्री जेवली नाही नीट.

४ ऑक्टोबर

सकाळी सामानाची तपासणी, बाणांवर नावं लिहिली आहेत का, दोरी बरोबर आहे का वगैरे. तेवढ्यात फोनवर मिक्स्ड टीमची फायनल सुरू झाली, ओजस आणि ज्योती विरुद्ध कोरिया. माझ्याभोवती पंधरा-वीस पोरं, दुसऱ्या शाळांची पण, अकोल्याची, वाशिमची, सगळ्यांची डोकी एका फोनमधे. रेंज अशी की बाण सुटायचा आणि चक्र फिरत राह्यचं, बाण लागला की नाही ते अर्ध्या मिनिटानं. सोळा बाणांत १६० पैकी १५९. समोर कोरियाचे १५८. म्हणजे आपण अख्ख्या मॅचमधे एक गुण सोडला आणि त्यांनी दोन. हे भारताचं एकाहत्तरावं पदक होतं, २०१८ च्या जकार्ता गेम्सचा सत्तरचा आकडा तिथंच मागे पडला. अजय ओरडला, गुणपत्रिकेत असे पाहिजे! गणिताचा मास्तर म्हणून मला ते दुसऱ्या अर्थानं लागलं.

आणि मग शिट्टी वाजली आणि आमची पोरं लाइनवर.

तीस मीटरला सुनीता झकास. सहा-सहा बाणांच्या फेरीला, एंड म्हणतात तिला, चौपन्न, बावन्न, पुन्हा चौपन्न. शेजारच्या शाळेचे सर विचारायला आले कोणाची पोरगी आहे. मी म्हटलं मोहाच्या झाडाची. त्यांना कळलं नाही.

पन्नासला पहिल्या एंडला दोन बाण बोर्डाच्या खाली जमिनीत. दुसऱ्या एंडला जरा वर, लाल-निळ्यात. तिसऱ्या एंडला चांगले, मला वाटलं सापडलं हिला. मी बसलो होतो तिथून मला दिसत होतं, ती बोर्डाकडे पाहत नव्हतीच, वर आभाळात कुठंतरी पाहत होती. चौथ्या एंडला पाच बाण बोर्डात आणि सहावा बोर्डाच्या वरून, बांधाच्या वरून, पलीकडच्या गवतात. पलीकडं म्हणजे कमरेएवढं गवत. आम्ही सगळ्यांनी शोधला, आजीनं पण शोधला, विळा असता तर तिनं गवत कापलं असतं. नाही सापडला.

काय झालं म्हणून विचारलं. आधी बोलेना. मग म्हणे, "ढग धरला होता सर. पांढरा होता एक, बरोबर बोर्डाच्या वर. मोहाच्या फाट्याएवढाच. तो सरकला."

मी काय बोलणार यावर. मला हसू पण येईना आणि रागवायचा तर प्रश्नच नाही. एका फेरीसाठी का होईना पोरीनं आभाळात साइट शोधली होती.

शेवटी सुनीता आठवी. रोशन अकरावा. अजय लहान गटात तिसरा, त्याला ब्राँझ. त्याचं अंतर कमी, त्याला झाड लागत नाही.

५ ऑक्टोबर

हा दिवस सोन्याचा. सकाळी बायकांच्या टीमची फायनल, ज्योती, अदिती आणि पंजाबची परनीत कौर, समोर चायनीज तैपेई, २३०-२२९. एका गुणानं. (हे चायनीज तैपेई म्हणजे तैवान हे पोरांना समजावताना माझा अर्धा तास गेला आणि शेवटी रोशन म्हणे म्हणजे त्यांना स्वतःचं नाव लावून खेळू देत नाही काय, आपल्या पाटीलच्या शेतात जसं आपण राबतो तसं. मी विषय बदलला.)

दुपारी बक्षीस वाटप झालं, भाषणं झाली, आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर आलो आणि टपरीवाल्यानं मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून लावलेला. पुरुषांची टीम फायनल. समोर पुन्हा कोरिया. आपल्याकडून अभिषेक वर्मा, ओजस आणि प्रथमेश जावकर. प्रथमेश बुलढाण्याचा! आम्ही जिथं उभं राहून चहा पिऊन राहिलो होतो त्या गावचा. मला माहीत होतं पण असं पाह्यला मिळेल वाटलं नव्हतं. टपरीवाला प्रत्येक बाणाला चहा ओतायचा थांबायचा. गिऱ्हाइकं पण काही बोलत नव्हती. एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना खेळ कळत नव्हता, ते फक्त विचारायचे "आपला पोट्टा कोनता?" आणि प्रथमेश लाइनवर आला की टपरीवाला बोटानं दाखवायचा.

२३५-२३०. चोवीस बाण, २४० पैकी २३५. टीममधे तिघं, त्यातले दोन विदर्भाचे, एक नागपूरचा एक बुलढाण्याचा. टपरीवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत, आम्हा पाचांचे पण नाही.

मी सुनीताला सांगितलं की या प्रथमेशनं मे महिन्यात शांघायला वर्ल्ड कपच्या फायनलमधे नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला हरवलंय, १४९-१४८, जगातला एक नंबरचा माणूस तो. ती म्हणे, "सर, तो इथंच शिकला काय? या मैदानावर? तं त्यानं नेम कशात धरला असन?"

म्हटलं त्याच्या धनुष्याला भिंग आहे बाई, त्याला झाड लागत नाही.

ती बराच वेळ गप्प होती. आणि मला उगाच वाटत राहिलं की मी हे उत्तर द्यायला नको होतं. ओजस नागपूरचा असून साताऱ्याला जाऊन शिकला, प्रवीण सावंतांकडे, म्हणजे ज्याला भिंग पाहिजे त्याला घर सोडून तितकं लांब जावं लागते, आणि आमची पोरं बुलढाण्यापर्यंत पोचली तर नाक्यावर सही करून. पण हे मी तिला काय सांगू. मीच चहाचा दुसरा कप घेतला.

६ ऑक्टोबर

परतीचा प्रवास, पुन्हा त्याच गाड्या, पुन्हा परतवाडा. रिकर्व्हवाल्यांचे सामने होते, ऑलिम्पिकात जे धनुष्य असते ते, सत्तर मीटरचं. बायकांच्या टीमला ब्राँझ, व्हिएतनामला हरवून, आणि पुरुषांची टीम कोरियाकडून हरली पण चांदी. एशियाडमधे रिकर्व्हचं पदक तेरा वर्षांनी आलं होतं, २०१० च्या ग्वांगझोऊनंतर. पोरं झोपली होती, मी एकटाच खूश झालो. कंपाउंड तेव्हा ऑलिम्पिकात नव्हतंच, आता २०२८ ला लॉस एंजेलिसला मिक्स्ड टीम ठेवलीय, हे मी आत्ता लिहिताना सांगतोय, तेव्हा माहीत नव्हतं.

७ ऑक्टोबर, शनिवार

परतवाडा स्टँडवर सव्वासहाला गाडी. वैयक्तिक पदकांचे सामने तेव्हाच सुरू. अदितीचं ब्राँझ स्टँडवरच पाह्यलं, गाडी हलली तेव्हा ज्योतीची फायनल, तिनं कोरियाच्या सो चेवोनला १४९-१४५ नं हरवलं, पंधरा बाणांत एक गुण सोडला. आणि पुरुषांची फायनल सुरू व्हायच्या बेतात होती तेवढ्यात घटांगच्या अलीकडंच रेंज गेली. गेली ती गेलीच.

आता सोनं आणि चांदी दोन्ही आपलीच, त्यामुळे टेन्शन काही नव्हतं, पण पोरांनी घाटभर डोकं खाल्लं. अजय ओजसवाला, रोशन मुद्दाम अभिषेकवाला, दहा रुपयांची पैज. सेमाडोह गेलं, रेंज नाही. हरिसालला फोन टुंग टुंग करायला लागला, ओजस १४९, अभिषेक १४७. कंपाउंडची पाचच्या पाच सोनी आपली. त्यातली तीन नागपूरच्या पोराची. रोशननं दहा रुपये दिले नाहीत, म्हणे उधार.

पण त्याच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. नाक्यावर तोच गार्ड होता. आम्हाला पाहून त्यानं स्वतःच रजिस्टर काढलं, पान शोधलं, आणि बसमधे येऊन पाइपाचं बूच काढून मोजायला बसला. दोनदा मोजले.

"धनुष्य चार बरोबर. बाण एक कमी भरते गुरुजी. सदतीस."

मी उठणार तेवढ्यात सुनीता म्हणाली, "माया हाये तो. गवतात गेला."

"कोनत्या गवतात? इथच्या?"

"नाही. बुलढाण्याच्या."

गार्डनं तिच्याकडे पाह्यलं, मग रजिस्टरकडे, मग माझ्याकडे. "आता शेऱ्यात काय लिहू मी?"

आजी खिडकीपाशी प्रसादाची पुडी मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणे, "लिही ना, ढगाले लागला."

त्यानं काय लिहिलं ते मला दिसलं नाही. पण बरंच वेळ लिहीत होता, आणि मग अजयचं ब्राँझ हातात घेऊन उलटसुलट करून पाह्यलं आणि ड्रायव्हरला हात केला.